पुढचा भाग अध्यक्षांना, मागचा आबांना

नाना पेठेतल्या आमच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आले की पहिला संवाद साधारण असा होतो.

"मालक कुठे आहेत?"

"बसलेत."

"कधी भेटतील?"

"भेटलेत."

मग गिऱ्हाईक माझ्याकडे पाहते, मागच्या भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहते, आणि त्यातल्या त्यात फोटोवर जास्त विश्वास ठेवून बोलायला सुरुवात करते. काही जण शेवटपर्यंत फोटोशीच बोलतात. माझी हरकत नसते. उत्तर मीच देते.

दुकान जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे आहे. वडिलांनी ते चालवले. मी त्या काळात एका दैनिकात उपसंपादक होते. पुढे दैनिकाची पाने कमी झाली आणि वडिलांचे गुडघे थकले, या दोन्ही गोष्टी एकाच सुमाराला घडल्या आणि मी काउंटरमागे येऊन बसले. लोकांना वाटते की या दोन कामांत काही साम्य नाही. माझ्या मते फरक थोडाच आहे. तिथे कालची गोष्ट आजची म्हणून द्यावी लागे. इथे आजची वस्तू साठ वर्षांपूर्वीची असावी अशी अपेक्षा असते.

गाड्यांच्या कंपन्यांची नावे या लेखात येणार नाहीत. नाव घेतले की त्या कंपनीच्या गाड्या असणारे आणि नसणारे असे दोन गट पडतात, आणि दोन्ही गटांतली माणसे माझी गिऱ्हाइके आहेत.

दाराच्या मुठी, दिव्यांच्या काचा, हॉर्नच्या रिंगा असे पुष्कळ काही आम्ही ठेवतो. पण दुकान ओळखले जाते ते इग्निशन स्विचसाठी. म्हणजे चावी जिथे लावतात ती जागा. बाहेरच्या माणसाला ते एक भोक वाटते. प्रत्यक्षात त्याचे दोन भाग असतात. पुढे धातूची चकती आणि तिच्यात कुलूप, हे ड्रायव्हरला दिसते. मागे बेकलाइटची, म्हणजे जुन्या काळच्या टणक काळ्या प्लास्टिकची, गोल तबकडी. तिच्यावर पितळी पट्ट्या, आणि त्यांना तारा जोडलेल्या. चावी फिरली की मागच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि करंट पुढे जातो. थोडक्यात, पुढचा भाग दिसतो आणि मागचा काम करतो.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या हकीकतीत तिचा संबंध येतो. आजच्या गाडीत चावी फिरवली किंवा बटण दाबले की इंजिन चालू होते. त्या काळच्या कित्येक गाड्यांत तसे नव्हते. चावीने फक्त करंट सोडायचा. मग डॅशबोर्डवरची वेगळी मूठ ओढायची, तेव्हा इंजिन फिरे.

या धंद्यात गिऱ्हाइकाने वर्णन करू नये, असा वडिलांचा दंडक होता. जुना भाग काढून काउंटरवर ठेवायचा. त्याला आम्ही नमुना म्हणतो. नमुना खोटे बोलत नाही. गिऱ्हाईक बोलते असे नाही, पण त्याच्या अपेक्षा बोलतात. एका गृहस्थांना हेडलाइटची काच हवी होती. ती जुनी हवी, पण वापरलेली नको. वापरलेली नको, पण वापरल्यासारखी दिसायला हवी. मी विचारले, "उजेड पडायला हवा का?" ते म्हणाले, "तो प्रश्न दुय्यम आहे." लग्नाच्या वरातीसाठी जुन्या गाड्या भाड्याने देणारे एक जण रिमोटने चालू होणारा जुना स्विच मागत होते. नवरा-नवरी मागे बसलेली असताना गाडी बंद पडली, तर ड्रायव्हरला खाली उतरावे लागते आणि ते व्हिडिओत दिसते, ही त्यांची अडचण होती. गाडी बंद पडू नये, असा उपाय त्यांना सुचला नव्हता.

आबा शेलार हे वेगळ्या प्रकारचे गिऱ्हाईक. सत्तरीचे, हडपसरचे, धोतर आणि पांढरी टोपी. सोबत पत्नी, म्हणजे आक्का. त्यांनी फोटोकडे पाहिले नाही. सरळ काउंटरवर फडके उलगडले. आत एक जळका इग्निशन स्विच होता आणि एक काळे बटण होते, घरात दिवा लावायला भिंतीवर बसवतात तसले.

"ताई, ह्ये हाय का तुमच्याकडं?"

"यातलं कुठलं?"

"पैलं. दुसरं काम करतंय, पर चालत न्हाई म्हणत्यात."

"गाडी कुठली?"

"वडलांची."

"कुठल्या सालची?"

"साल न्हाई सांगता यायचं. माझ्या धाकट्या भैनीच्या लग्नाआधीची हाय."

नमुना पाहून मला गाडी कळली होती. स्विचचा पुढचा भाग झिजला होता, पण शाबूत होता. मागची तबकडी मात्र जळून तडकली होती. ती जळाल्यापासून आबा डॅशबोर्डवर दिव्याचे बटण बसवून गाडी चालू करत होते. मेकॅनिकच्या दृष्टीने त्यात फार चूक नव्हती. चूक सोसायटीच्या दृष्टीने होती.

आबांची जमीन बिल्डरने घेतली आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या. बिल्डरने आबांना विचारले होते, फ्लॅटशिवाय आणखी काय हवे. आबांनी गाडीला जागा मागितली, आणि तीही ठरावीक ठिकाणी. पूर्वी तिथे गोठा होता. आता तिथे बेसमेंट आहे. गाडी वडिलांनी सेकंडहँड घेतली होती, आणि मागची सीट काढून तिच्यातून ते मार्केट यार्डात मेथी-कोथिंबीर नेत.

"अजून वास येतो कोथमिरीचा," आबा म्हणाले.

"कोथमिरीचा न्हाई, उंदराचा," आक्का म्हणाल्या.

सोसायटीने आता नियम केला होता. बेसमेंटमध्ये फक्त चालू वाहने राहतील. चालू वाहन म्हणजे जे स्वतःच्या चावीने सुरू होऊन गेटपर्यंत जाईल आणि परत येईल. येत्या रविवारी पाहणी होती, आणि जी वाहने नियमात बसणार नाहीत ती सोमवारी भंगारवाला उचलणार होता. सेक्रेटरी पेंडसे यांनी आधीच येऊन आबांची गाडी पाहिली होती आणि दिव्याच्या बटणावर बोट ठेवून विचारले होते, "आबा, ही गाडी आहे की न्हाणीघर?"

आबांनी हे मला रागाने सांगितले नाही. ते एवढेच म्हणाले, "फ्लॅट काय, सगळ्यांचेच हायेत. गाडी गेल्यावर तिथं माझं म्हणून काय ऱ्हातं?"

तसा स्विच माझ्याकडे होता. एकच होता. सोलापूरकडच्या एका बंद पडलेल्या दुकानाचा माल मी उचलला, त्यात तो पिवळ्या पडलेल्या खोक्यात, कधीही न वापरलेला मिळाला. त्याच गाडीचा दुसरा नवा स्विच त्यानंतर मी पाहिलेला नाही. पण तो मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला कबूल केला होता. आबांनी कोणाला ते विचारले. मी इनामदारांचे नाव सांगितले.

"आमचे अध्यक्ष?"

रणजित इनामदार हे आबांच्याच सोसायटीचे अध्यक्ष होते, हे मला तेव्हा कळले. त्यांची गाडीही अगदी तीच, रंगसुद्धा तोच, आणि बेसमेंटमध्ये आबांच्या गाडीला लागून उभी.

"एका गावची दोन माणसं हायेत," आबा म्हणाले, "त्यातल्या एकानं सूट घातलाय."

प्लास्टिकच्या डुप्लिकेट तबकड्या बाजारात मिळतात. त्या तापून मऊ होतात आणि गाडी रस्त्यात थांबते. आबांना त्यातली देऊन मोकळे होता आले असते, पण पाहणीच्या दिवशी ती गेटपाशी वितळली तर भंगारवाल्याचे काम सोपे होणार होते. दुसरीकडे, कबूल केलेला माल परस्पर फिरवणे या धंद्यात चालत नाही. जुन्या गाड्यांचे मालक एकमेकांशी बोलतात, आणि मुख्यतः दुकानदारांबद्दल बोलतात.

मी इनामदारांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी आले. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, नीटनेटके, स्वभावाने चांगले गृहस्थ. गाडीवर त्यांचे प्रेम होते आणि ते इतके होते की ते गाडी चालू करत नसत.

"मागच्या वर्षी जुन्या गाड्यांच्या रॅलीत माझे मार्क कापले, माहितीये?" ते म्हणाले. "सगळं परफेक्ट. आणि चावीच्या जागी प्लास्टिकवाला मॉडर्न स्विच. जज वाकला, बघितलं, आणि म्हणाला, ओह. त्या ओहनं ट्रॉफी गेली माझी."

"परीक्षक स्विच खोलून बघतात का?"

"छे. समोरून बघतात. चकती ओरिजिनल हवी, बस."

"आणि मागं काय असावं?"

"मागं कोण बघतंय?"

तेव्हा मी स्विच त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितले की याचे दोन भाग वेगळे करता येतात. चकती आणि कुलूप तुमच्या गाडीला. मागची तबकडी मी दुसऱ्या एकांना देईन, आणि त्यांची जळकी तबकडी तुमच्या चकतीला जोडीन. दिसायला काहीच फरक पडणार नाही. मात्र त्यातून करंट जाणार नाही.

"करंट हवाय कशाला?" इनामदार म्हणाले. "बॅटरी काढूनच ठेवलीये मी. अ‍ॅसिडनं पेंट जातो."

"म्हणजे गाडी सुरू होणार नाही."

"मॅडम, सुरू केली की सायलेन्सर काळा होतो."

ही गोष्ट मी त्यांना दोनदा सांगितली, दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली, आणि एकच अट घातली: चकतीवरचा जुना काळपटपणा पुसायचा नाही. दुसरे एक जण कोण, ते त्यांनी विचारले. मी सांगितले. "आबा? घेऊ देत की," ते म्हणाले. "मला काय उपयोग आहे त्याचा?"

स्विच वेगळा करणे हे मन लावून करायचे काम आहे. मागची तबकडी पत्र्याच्या चार बारीक पाकळ्या दुमडून बसवलेली असते. त्या एकदा उघडून पुन्हा मिटता येतात. आणखी एकदा प्रयत्न केला की मोडतात, आणि मोडल्या की दोन्ही भाग कवडीमोल. वडील पाकळी आधी गरम करत, मग एकाच दिशेने हळूहळू उचलत. मीही तेच केले. दोन्ही स्विचच्या मिळून आठही पाकळ्या शाबूत राहिल्या. नवी तबकडी आबांच्या झिजलेल्या चकतीमागे बसली, जळकी तबकडी इनामदारांच्या कोऱ्या चकतीमागे. दोन्ही स्विच टेबलावर शेजारी ठेवले असते, तर कोणाही सुजाण माणसाने समोरून पाहून चुकीचा उचलला असता.

रविवारी मी हडपसरला गेले. तारा मीच जोडल्या. बेसमेंटमध्ये कमिटीचे सदस्य, वॉचमन आणि सुट्टीच्या दिवशी करमणूक शोधणारे रहिवासी जमले होते. आक्का प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पेंडसे सरकारी खात्यात हिशेबतपासनीस होते. नियम त्यांनी स्वतः लिहिला होता आणि तो अक्षरशः पाळला जावा, अशी त्यांची इच्छा होती.

"चावी?"

आबांनी सुतळीला बांधलेली चावी दाखवली.

"फिरवा."

आबांनी फिरवली. डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला. बाकी काही झाले नाही. पेंडसे थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, "सुरू झाली नाही."

"आता वढायचं," आबा म्हणाले.

"काय ओढायचं?"

"ही मूठ."

"नियमात चावी आहे, आबा. ओढणं नाही."

जमलेल्यांत कुजबुज झाली. आबांनी मूठ धरलेला हात तसाच ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "पेंडसे काका, या गाडीत चावी फक्त मंजुरी देते. काम दुसरं कोणीतरी करतं. आपल्या खात्यात तसं नव्हतं का?"

पेंडशांनी विचार केला. ते प्रामाणिक गृहस्थ होते.

"होतं," ते म्हणाले. "ओढा."

पहिल्या ओढीला इंजिन खोकले. दुसऱ्या ओढीला लागले. धूर निघाला, दोन रहिवासी नाक धरून लिफ्टकडे गेले, आणि गाडी थरथरत रॅम्प चढून दिसेनाशी झाली. आवाज दूर गेला आणि बंद झाला. आम्ही थांबलो. मी तबकडीचा विचार करत होते. इतर लोक भंगारवाल्याचा करत असावेत.

"गेटपर्यंतच जायचं होतं," पेंडसे म्हणाले.

"येतील," आक्का म्हणाल्या. "बंद पडली तर ढकलत येतील. पर येतील."

बऱ्याच वेळाने हॉर्न वाजला आणि गाडी खाली आली. उशीर का, असे पेंडशांनी विचारले.

"गेटात वळाया जागा न्हाई. चौकातनं वळून आलो."

"त्या ट्रॅफिकमधून? लोकांनी वाट दिली?"

"वाट न्हाई दिली. बघत हुबी ऱ्हायली. तेवढ्यात काढली."

पेंडशांनी यादीत आबांच्या गाडीपुढे खूण केली. आबा खाली उतरले नाहीत, सीटवरच बसून राहिले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आक्कांनी खुर्ची उचलून वॉचमनला परत दिली. एवढ्यावर हे संपायला हवे होते. पण पेंडसे पुढच्या गाडीकडे वळले. पुढची गाडी इनामदारांची होती.

"अहो पेंडसे, ही हेरिटेज आहे," इनामदार म्हणाले.

"नियमात हेरिटेज नाही."

"नियम आपणच केलाय ना?"

"म्हणूनच म्हणतो. फिरवा."

अध्यक्षांनी चावी फिरवली. कोऱ्या कुलपातून येतो तसा सुरेख टक् असा आवाज आला. असा आवाज आजच्या गाड्यांत ऐकू येत नाही, ही नोंद करायला हवी. त्यानंतर शांतता. पेंडसे आता अनुभवी झाले होते.

"ओढा," ते म्हणाले.

इनामदारांनी ओढले. काही झाले नाही. कोणीतरी हसले आणि लगेच थांबले, कारण अध्यक्षांच्या चेहऱ्यावर आबांच्या चेहऱ्यावर आठवडाभर होता तोच भाव आला होता. आबा गाडीतूनच म्हणाले, "साहेब, भंगारवाल्याला मी नको सांगतो. माझ्या वळखीचा हाय."

कमिटीने लिफ्टशेजारी उभ्याने बैठक घेतली. ती लवकर आटोपली. ठराव असा झाला की 'प्रदर्शनीय वाहने' असा नवा वर्ग करावा, आणि त्यातील वाहने स्वच्छ असल्यास चालू असण्याची गरज नाही. ठराव ऐकून आबा म्हणाले, "मग माझीबी त्यातच घाला. दरसाल ही परीक्षा कशापायी?"

"कसं घालणार?" पेंडसे म्हणाले. "आपली गाडी चालते."

त्यामुळे आबांना दर वर्षी गाडी चालवून दाखवावी लागते, आणि इनामदारांना लागत नाही. आबांना याचे काही वाटत नाही. वर्षातून एकदा तरी गाडी चौकातून फिरवायला कारण मिळते, असे ते म्हणतात. वाईट मला वाटते, पण वेगळ्याच गोष्टीचे. बाजारात जो काही चांगला, अस्सल माल उरला आहे तो सगळा कधीच सुरू न होणाऱ्या गाड्यांकडे जातो. ज्या गाड्या रस्त्यावर येतात त्यांना डुप्लिकेट मिळते. धंदा म्हणून मी तो तसाच विकते. त्या एका स्विचच्या बाबतीत ते पूर्ण तसे झाले नाही, एवढेच.

नंतर रॅली आली. त्या सकाळी इनामदारांनी मला बोलावले होते, चकतीवरची धूळ काढायला. काळपटपणा न जाता धूळ तेवढी जावी, हे काम ते दुसऱ्या कोणावर सोपवायला तयार नव्हते. गाडी न्यायला लांबलचक ट्रेलर आला होता. तो बेसमेंटच्या रॅम्पवरून उतरेना. म्हणजे गाडी वर रस्त्यावर नेणे भाग होते. वॉचमन आणि चार रहिवासी ढकलायला लागले. पेंटवर बोटे उमटू नयेत म्हणून इनामदारांनी सगळ्यांना पांढरे हातमोजे दिले. हातमोजे घसरत होते. गाडी रॅम्पच्या मध्यापर्यंत जाई आणि सभ्यपणे मागे येई.

शेवटी इनामदार लिफ्टने वर गेले आणि आबांना घेऊन खाली आले. आबांच्या खांद्यावर जुन्या विहिरीचा जाड दोर होता. आक्का मागून आल्या आणि न विचारता आबांच्या गाडीत पुढे बसल्या.

"दोराचे वळ पडतील हो बंपरवर," इनामदार म्हणाले.

"फडकं बांधतो की," आबा म्हणाले. त्यांनी स्वतःच्या गळ्यातला पंचा काढून इनामदारांच्या बंपरला गुंडाळला आणि त्यावरून दोर बांधला.

आबांनी चावी फिरवली, मूठ ओढली. इंजिन पहिल्याच ओढीला लागले. दोर ताणला गेला. एकाच रंगाच्या दोन गाड्या, एकीमागे एक, रॅम्प चढू लागल्या. मागच्या गाडीत इनामदार हातमोजे घालून ताठ बसले होते आणि त्यांच्यासमोर ती कोरी चकती होती. पुढच्या गाडीत तिची तबकडी तापत होती. सोलापूरकडून आलेला तो एक स्विच त्या दिवशी पुन्हा एकदा एकत्र निघाला होता, मध्ये दोराएवढे अंतर ठेवून.

इनामदारांना त्या वर्षी ट्रॉफी मिळाली, मूळ स्थिती सर्वोत्तम राखल्याबद्दल. परीक्षक स्विचपाशी वाकले आणि या वेळी काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका दैनिकाच्या शहर पानावर सोसायटीच्या गेटातून बाहेर पडणाऱ्या विजेत्या गाडीचा फोटो आला. कोणा रहिवाशाने काढून पाठवलेला असावा. आबा ते पान घेऊन दुकानात आले आणि नमुना ठेवतात तसे काउंटरवर ठेवले.

"ताई, पंचा दिसतोय बघा माझा."

मी पाहिले. पंचा दिसत होता. बंपरला बांधलेला दोरही स्पष्ट दिसत होता. तो पुढे फोटोच्या कडेपर्यंत गेला होता, आणि फोटो तिथे कापला होता. जागा बेताची असली की उपसंपादक अनावश्यक भाग कापतो. डेस्कवर असते, तर मीही बहुधा तिथेच कापला असता.